बांगड्यांच्या मंत्र्याचं गाऱ्हाणं

गोव्याहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी सांगलीत जो भेटतो तो विचारतो, "समुद्र कसा होता?" समुद्र मी पाहिला नाही. गोव्यात आठवडाभर राहून समुद्राकडे पाठ फिरवून आलेली सांगलीतली मी पहिलीच बाई असेन. मी पाहिलं ते पेडणं, डिचोली, नार्वे, काजूच्या बागा, खाणीची लाल धूळ आणि एक असा माणूस, ज्याची झालेली बढती तिकडे कोणी बढती मानायलाच तयार नव्हतं.

पेडण्याला माझं आजोळ. मामा पोर्तुगिजांच्या अमदानीत सरकारी कारकून होता. त्याला त्यांनी आफ्रिकेत मोझांबिकला धाडलं, आणि तिथलं त्यांचं राज्य बुडालं तेव्हा मामा मामीला आणि मुलाला घेऊन लिस्बनला गेला. हा मुलगा म्हणजे आमचा विनायक, माझा विनूदादा. तो तिथे वकील झाला, राजकारणात पडला आणि एके दिवशी चक्क पोर्तुगालच्या सरकारात मंत्री झाला. खातं मासेमारीचं. पेडण्यात पेढे वाटले गेले आणि त्याच दिवशी त्याचं नाव पडलं 'बांगड्यांचो मंत्री'. काही वर्षांनी ते मंत्रिपद गेलं आणि तो युरोपातल्या देशांची मिळून जी एक संसद आहे तिच्यावर निवडून गेला. मामा तोवर वारला होता. मामी लिस्बनहून फोनवर सगळ्यांना सांगे, "म्हजो पूत आतां सगळ्या देशांच्या वयर गेलो!"

पण मामीच्या मनात एक सल होता. मुलगा मंत्री झाला तेव्हा गावच्या रवळनाथापुढे नारळ ठेवायचा राहून गेला होता. "तू स्वतः जा आणि ठेवून ये," असा तिने हुकूम सोडला. विनूदादाला कोंकणी येत होती ती स्वयंपाकघरातली. भूक लागली, झोप आली, राग आला, एवढं सांगण्यापुरती. बाकी सगळं पोर्तुगीज नाहीतर इंग्रजी. म्हणून मामीचा दुसरा हुकूम मला आला: "नलू, जन्मभर इंग्लिश शिकयलें ना तुवें? जा, ताका दुभाशी जा." कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या होत्या. नवऱ्याला भडंगाचा डबा भरून दिला आणि आंबोलीचा घाट उतरून मी पेडण्यात पोचले.

पेडणे

आम्ही उतरलो दत्तादादाकडे. हा विनूदादाचा चुलतभाऊ, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेला. त्याची बायको शालनवहिनी. घरात खरी सत्ता तिची.

विनूदादा टॅक्सीतून उतरला तो कोट आणि गळपट्ट्यासकट. एप्रिलचा महिना. वहिनी आत बघून ओरडली, "अहो, कदेल हाडा!" दत्तादादाने खुर्ची आणली, आणि आमचा युरोपचा खासदार बसायचं सोडून आनंदाने उड्याच मारायला लागला. पोर्तुगीज भाषेत खुर्चीला जवळजवळ हेच म्हणतात म्हणे. मग त्याला नादच लागला. खिडकीला जनेल म्हटलं की टाळी, बादलीला बाल्द म्हटलं की टाळी. संध्याकाळपर्यंत घरातली एक वस्तू त्याने सोडली नाही. आपल्या आईची भाषा आणि आपल्या सरकारची भाषा एकाच घरात नांदताना बघून माणसाला आनंद होणारच, पण प्रत्येक चमच्याला मी किती वेळ मान डोलावू?

सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत आला. पोई आणि उंडे असे दोन तऱ्हांचे पाव घेतले, त्याबरोबर वहिनीची पातळभाजी. आमच्या सांगलीत पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं; इकडे तो धडधाकट माणसांचा पहिला घास. दुपारी बांगडे आले. वहिनीने एक उचलून विनूदादापुढे धरला. "सांगा पळोवया, ताजो काय शिळो?"

विनूदादाने बांगडा उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. मग मला इंग्रजीत म्हणाला, "माझ्याकडे हे नेहमी कागदावर यायचे."

मी भाषांतर केलं. वहिनी म्हणाली, "मगे मंत्रीपण जातलांच." आणि बांगडा विळीवर धरला.

संध्याकाळी ओसरी भरली. त्यातली दोन माणसं लक्षात ठेवावीत. एक तातू गांवकर, गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेला म्हातारा. त्याचा आवाज असा, की कानात सांगितलेली गोष्टही शेजारच्या वाड्यावर पोचावी. दुसरे पुंडलिक मास्तर, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत, वहिनीशी कोंकणीत, आणि रागावले की दोघींशी कोंकणीतच.

तातूने पान जमवत सुरुवात केली. "थंय तुमी करतात किदें?"

विनूदादाने सांगितलं, मी मराठीत आणलं: कायद्यांवर चर्चा होते, मतं देतात, भाषणं करतात.

"कितलो वेळ उलयतात?"

"एक मिनिट. कधी कधी दीड."

"एका मिन्टांत माजो घसो सुद्धां साफ जायना," तातू म्हणाला.

मग भाषेचा विषय निघाला. तिथे प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतो आणि काचेच्या खोलीत दुभाषे बसलेले असतात, हे ऐकून मास्तर पुढे सरकले. "आमच्या राज्यात भाषा दोन. त्यांच्यापायी केवढं रामायण झालं ते या ओसरीलाही ठाऊक आहे. याच ओसरीवर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. तिथे एवढ्या भाषा, मग डोकी कशी फुटत नाहीत?"

"कानात यंत्र असतं," विनूदादा म्हणाला. "नको वाटलं की काढून ठेवता येतं."

"हें बरें," मास्तर कोंकणीत उसासले. "आमकां कोणें यंत्र दिलां ना."

पुढे विनूदादाने सांगू नये ते सांगितलं. महिन्यातून एकदा ही अख्खी संसद पेट्या भरून दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या शहरात जाते, चार दिवस बसते आणि पेट्या भरून परत येते. मास्तर ताडकन उठले. "म्हणजे दर महिन्याला पेडणं-वाळपई!" त्यांची सून सुषमा वाळपईच्या शाळेत शिक्षिका होती. पहाटे निघायचं, म्हापशाला बस बदलायची, डिचोलीला पुन्हा बदलायची. घरी तान्हं मूल. "विनायकराव, तुम्हाला बदलीचं दुःख कळतं. शिक्षणमंत्र्यांच्या कानावर दोन शब्द घाला."

विनूदादाने आपल्याला इथे काही अधिकार नाही हे नाना परीने समजावलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंत्री असतानाही नव्हता?"

उठताना जो तो विनूदादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "मनार घेव नाका." कोणी म्हणे, "जातां असां," म्हणजे होतं असं. कोणी म्हणे, "आमच्या आमदाराक तर दोनदां काडलो." मी पहिल्या वेळी याचं भाषांतर 'तुमचं स्वागत असो' असं केलं. पण मनाला लावून घेऊ नको, एवढी कोंकणी त्याला आईने लहानपणीच शिकवली होती.

तो चिडला. ही अधोगती नाही, बढती आहे, हे पटवायला त्याने वहिनीच्या टोपलीतला एक लहान उंडा ओसरीवर ठेवला. हा पोर्तुगाल. शेजारी भली मोठी पोई ठेवली. हा युरोप. आधी मी याच्यात होतो, आता याच्यात आहे. मोठं कोण?

तातूने दोन्हींकडे नीट पाहिलं. "ल्हान घराचो धनी बरो काय व्हडल्या घराचो गडी बरो, तां सांगा," तो म्हणाला आणि जाताना उंडा घेऊन गेला.

सत्काराची सकाळ

पंचायतीने सत्कार ठेवला होता. फलकावर 'माजी मंत्री' ही अक्षरं एवढी मोठी काढली होती, की पुढच्या 'युरोपच्या संसदेचे सदस्य' या शब्दांना जागाच उरली नव्हती. ते खाली कोपऱ्यात, छापखान्याचं नाव असतं तसे, दाटीवाटीने बसले होते.

सरपंचांनी भाषण मराठीतून केलं. "राजकारणात आजचा माजी हा उद्याचा आजी असतो. विनायकरावांनी खचून जाऊ नये. आपलं राज्य झाल्यापासून इथे मुख्यमंत्री इतके बदलले, की शाळेत पोरांना त्यांची नावं पाठ करायला सांगायचीही आम्हाला भीती वाटते. पण कोणी खचलं का? सगळे परत परत मंत्री झाले!"

टाळ्या कडाडल्या. मी भाषांतर करत होते आणि विनूदादाचे कान लाल होत होते. मग सरपंचांनी भेटवस्तू पुढे आणली. फणसाच्या लाकडाची, भक्कम हातांची, पॉलिश केलेली खुर्ची. "लिस्बनचं कदेल गेलं तर जाऊ दे. हे गावचं कदेल. हे कोणी काढून घेणार नाही!"

खुर्ची द्यायची रीत चांगली, पण ती विमानातून कशी न्यायची याचा विचार पंचायतीच्या ठरावात नव्हता. आम्हाला तिथूनच पुढे नार्व्याला निघायचं होतं. आधी कुलदेव, मग ग्रामदेव, हा वहिनीचा क्रम, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा खुर्ची भाड्याच्या व्हॅनच्या टपावर दोरीने बांधली आणि आम्ही डिचोलीच्या वाटेला लागलो.

डिचोली, नार्वे

डिचोली तालुका लागल्याचं सांगायला पाटीची गरज नाही. झाडं लाल, घरांची कौलं लाल, वाळत घातलेली धोतरं लाल. खनिजाचे ट्रक एकामागून एक येत होते आणि आमच्यावर गुलाल उधळून जात होते. आमच्याकडे निवडणूक जिंकल्यावर दिसतात तसे आम्ही सगळे दिसायला लागलो. विनूदादाच्या कोटाचा मूळ रंग कोणता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चहाला एका टपरीवर थांबलो. तिथे कुडाळकडचा एक ट्रक ड्रायव्हर भजी खात बसला होता. त्याची नजर टपावर गेली. "ही खुर्ची कोणाची ओ?"

"मंत्र्यांची," दत्तादादा म्हणाला.

"मगे मंत्री खंय गेलो?"

दत्तादादाने विनूदादाकडे बोट केलं आणि, सवयीने, सगळी कहाणी सांगितली. ड्रायव्हरने ती भजीबरोबर चवीने ऐकली. "आमच्या खाणीर पण तसांच झालां," तो म्हणाला. "एक मुकादम मालकाक उलटो बोललो. मालकान तेका काय केल्यान? मुंबयच्या हापिसात मोठो सायब करून धाडल्यान. पंख्याखाली बसता, पगार दुप्पट. काम नाय, इचारणा नाय. गावाक इलो काय सांगता, माका बढती गावली." तो खो खो हसला, तेल लागलेली बोटं पुसली आणि ट्रक घेऊन निघून गेला.

विनूदादाने मला भाषांतर विचारलं नाही. चहा तसाच ठेवून तो व्हॅनमध्ये जाऊन बसला.

नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ झाडीत शांत बसलेलं आहे. लाल धुळीतून आलेल्या माणसाला तिथला गारवा देवाच्याही आधी भेटतो. हा देव मूळचा समोरच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं तेव्हा भक्तांनी त्याला नदीपार इकडे आणलं, आणि पुढे शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा उभं केलं. दत्तादादा हे सांगत होता तेव्हा विनूदादा म्हणाला, "म्हणजे हाही बदली होऊन आलेला." मास्तरांचा परिणाम झाला होता.

अभिषेक झाल्यावर जुनी जागा बघावी म्हणून फेरीबोटीने दिवाडीला निघालो. वहिनी आणि दत्तादादा बाकावर बसले. आम्ही दोघं कठड्याशी. पलीकडे हिरवी खारफुटी, मध्ये संथ पाणी, आणि खनिज भरलेली एक बार्ज पोट टेकून चालल्यासारखी जात होती. विनूदादा अर्धा वेळ इंग्रजीत आणि अर्धा वेळ आईच्या कोंकणीत बोलायला लागला.

"नलू, तो ड्रायव्हर माझीच गोष्ट सांगत होता."

तो मंत्री असताना जाळ्यांच्या कसल्याशा नियमावरून बैठक झाली होती. पंतप्रधानांनी आकडे चुकीचे सांगितले आणि याने ते सगळ्यांसमोर चुकीचे म्हटले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी त्याला मिठी मारली. 'युरोपला तुझ्यासारख्यांची गरज आहे,' म्हणाले. "आमच्या पक्षात ज्याला थोबाडीत मारता येत नाही त्याला युरोपात पाठवतात," विनूदादा म्हणाला. आता पुढची निवडणूक जवळ आली होती, आणि उमेदवारांत या वेळी आपलं नावही नसणार हे त्याला कळून चुकलं होतं.

"मग सांगून टाक की घरी."

"आईला?" तो इतक्या जोरात म्हणाला की वहिनीने मागे वळून पाहिलं. "ती खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझा मुलगा सगळ्यांच्या वर आहे. बाबा गेल्यावर तिला तेवढंच एक उरलंय. ते मी काढून घेऊ? आईला हे कळता कामा नये, नलू. काहीही झालं तरी."

एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच मला नुसता विनूदादा दिसला. लहानपणी, तो मोझांबिकला जायच्या आधी, आजोळच्या विहिरीत माझी वहाण पडली तेव्हा ती आपणच टाकली असं सांगून मार खाणारा. मी त्याला वचन दिलं. दिवाडीवरची जुन्या देवळाची तळी बघून आलो खरे, पण ती कशी होती हे मला विचारू नका. माझं लक्ष नव्हतं.

रवळनाथापुढे

आता जे सांगायचं आहे ते कळायला तिथली एक रीत माहीत हवी. आमच्याकडे देवापुढे मनातल्या मनात मागतात. नवरा खांद्याला खांदा लावून उभा असला तरी बायकोने काय मागितलं ते त्याला कळत नाही, आणि दोघांच्या दृष्टीने ते बरंच असतं. इकडे तसं नाही. इकडे गाऱ्हाणं घालतात. मागणारा आपलं मागणं गांवकराला सांगतो, गांवकर नारळ हातात घेऊन ते देवाला खड्या आवाजात सांगतो, आणि दर वाक्याला जमलेलं गाव 'होय महाराजा' म्हणून साथ देतं. म्हणजे अर्ज एकाचा, वकील दुसरा आणि सह्या सगळ्या गावाच्या. विनूदादाला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे एवढ्या मतांनी कधी काहीच मंजूर होत नाही."

सकाळी देवळात बरीच मंडळी जमली. सरपंच होते, मास्तर होते, सुट्टी म्हणून सुषमाही मुलाला कडेवर घेऊन आली होती. तातूने धुतलेलं धोतर नेसलं होतं, खांद्यावर पंचा. नारळ आणि पानाचा विडा हातात घेऊन तो विनूदादाकडे वळला.

"कारण सांगा."

विनूदादाने घसा साफ केला आणि इंग्रजीत सुरू केलं. जगात शांतता नांदावी, सर्वांना सुख मिळावं, राष्ट्राराष्ट्रांत सलोखा...

मी भाषांतर केलं. तातूने मान हलवली. "तां देव बघता. तुमचां काय तां सांगा."

"गावाची भरभराट व्हावी."

"तां सरपंच बघता. तुमचां सांगा."

सरपंच किंचित हलले. विनूदादाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच त्याने हाताने मला थांबवलं. देवापुढे त्याला दुभाषा नको होता. मग तो त्याच्या त्या स्वयंपाकघरातल्या कोंकणीत बोलला, रागवायच्या आणि रडायच्या कोंकणीत. आवाज अगदी बारीक होता.

"माका काडलो, तातू. मी वयर गेलंय नाय. माका काडून थंय धाडलो. आवयक मात कळूं नाका. इतलांच माग. आवयक कळूं नाका."

तातू हातातल्या नारळाकडे बघत राहिला. मास्तर वरचे वासे बघायला लागले. वहिनी उगाच खोकली. मला वाटलं, यांना धक्का बसला.

"झिला," तातू म्हणाला. एवढे दिवस 'तुमी' म्हणणारा म्हातारा 'झिला'वर, म्हणजे 'पोरा'वर आला, आणि गाऱ्हाणं घालायला चक्क नाही म्हणाला. "तां गाऱ्हाणां माका घालूंक जावचां ना."

"कित्याक?"

"तुज्या आवशीन गेल्या जत्रेक घातलां तां नेमकां उलटां आसा. एकाच देवाकडे दोन तोंडांनी कसो उलयतलंय मी?"

मग सगळं बाहेर आलं. मामीने गेल्या जत्रेच्या आधी शालनवहिनीला फोन केला होता. वहिनीने तिच्या नावाने नारळ दिला, तातूने गाऱ्हाणं घातलं. काय घातलं ते तातूला तोंडपाठ होतं, आणि ते साध्या बोलण्यात सांगायची त्याला सवयच नव्हती. त्याने डोळे मिटले आणि तोच चढा सूर लावला:

"बा रवळनाथा महाराजा! आज जी काय तुजी सून दर्याच्या पल्याडसून तुका सांगणां करता, तां आयक रे महाराजा!"

सवय ती सवय. मागून दोघातिघांनी हळूच म्हटलं, "होय महाराजा."

"तिच्या झिलाक मंत्रीपणासून काडलो आसा. तो आवशीक सांगता, मी वयर चडलंय. तां खरां मानल्यासारखां दाखवूंक तिका बळ दी रे महाराजा!"

"होय महाराजा." आता सगळेच म्हणत होते, माना खाली घालून.

"तेचां मन मोडूं दिव नाका. कदेल गेलां तर जांवदी. तेका घरा हाड रे महाराजा!"

"होय महाराजा!"

तर हे असं होतं. अख्ख्या गावाने वर्षभरापूर्वी विनूदादाच्या दुःखावर सही केली होती. उंडा आणि पोई मांडून तो बढती समजावत होता तेव्हा समोरच्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. 'मनार घेव नाका' म्हणणारे अडाणीपणाने म्हणत नव्हते. आणि लिस्बनच्या खिडकीत बसून मामी शेजारणींना जे सांगत होती, ते तिला स्वतःला क्षणभरही खरं वाटत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दुभाष्याला तेवढी मोकळीक असावी.

विनूदादा देवळाच्या खांबाला टेकला होता. त्याचे खांदे हलत होते. रडतोय म्हणून वहिनी पुढे झाली, तर तो हसत होता. डोळे पुसत होता आणि हसत होता. "पोई!" तो मला म्हणाला. "आणि मी त्यांना पोई दाखवत होतो!"

तातू अस्वस्थ झाला होता. "झिला, नाल्ल हातात घेतलो आसा. रितो दवरूंक जायना. काय तरी माग."

विनूदादाने सगळ्यांवर नजर फिरवली. सरपंचांवरून मास्तरांवर, मास्तरांवरून मागे उभ्या सुषमावर आणि तिच्या कडेवरच्या पेंगुळलेल्या मुलावर. मग तो ताठ उभा राहिला. मंत्री असताना असाच उभा राहत असावा.

"सुषमाची वाळपयसून पेडण्याक बदली."

मास्तरांच्या हातातली काठी पडली. तातूचा आवाज असा काही चढला की देवळाबाहेरचे कावळे उडाले. आणि त्यामागून जो 'होय महाराजा' झाला, त्यात सगळ्यात मोठा आवाज विनूदादाचा होता. एक मिनिटाहून तो कितीतरी जास्त वेळ चालला.

निघताना

व्हॅन दाराशी आली. विमानात घेतली तर घेतली, म्हणून वहिनीने खुर्ची पुन्हा टपावर बांधायला लावली होती. वाटेत पेडण्याच्या बाजारात टेलिफोन बूथ दिसला तसा विनूदादा उतरला आणि त्याने लिस्बनला फोन लावला. मामीला ऐकायला कमी येतं म्हणून ती फोनवर ओरडते. तिचं बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं.

"नाल्ल दवरलो रे?"

"दवरलो, आई."

"किदें मागलें?"

"तुजी भलायकी."

"बरें केलें. आनी तुजें कदेल? बरें आसा मूं?"

विनूदादाने काचेतून बाहेर पाहिलं. टपावर लाल धुळीने माखलेली फणसाची खुर्ची चारही पाय घट्ट बांधून बसली होती.

"बरें आसा, आई," तो म्हणाला. "वयर आसा."

"देव बरें करूं!" मामी ओरडली.

खुर्ची विमानात घेतली नाहीच. ती दत्तादादाच्या ओसरीवर आहे आणि तिच्यावर तातू बसतो. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा सुषमाची पेडण्याला बदली झाली. आमदार म्हणतात, ती आपण केली. मास्तर म्हणतात, रवळनाथाने केली. तातूचं म्हणणं, आमच्या मेंबरने केली. युरोपचा असला तरी मेंबर तो मेंबर.

पुढे तिकडची निवडणूक आली आणि विनूदादाला खरंच उमेदवारी मिळाली नाही. त्याने फोन करून मला एकच शब्द सांगितला, "काडलो," आणि इतका हसला की मलाही हसू आलं. पेट्या भरून तो लिस्बनला परत आला, आईच्याच मजल्यावर राहतो, वकिली करतो. "आईला मी सांगितलंय, मीच कंटाळून सोडलं," तो तिथून पुन्हा फोनवर म्हणाला. "तिला माहीत आहे हे मला माहीत आहे, ते तिला कळू देऊ नकोस." हे लिहिताना मी त्या दोघांनाही विचारलेलं नाही. लिस्बनला मराठी अंक जात नाहीत, तेवढाच भरवसा.

त्याच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला.

"नलू, पूत घरा आयलो," ती ओरडली. "म्हणटा, कंटाळून सोडलें. हांव म्हटलें, बरें केलें. तूं ताका कांय सांगूं नाका हां."

"नाही सांगत, मामी."

"रवळनाथान आयकलें गो. आतां ताका आनीक खंय धाडूं नाका म्हणचें."

नवरा समोर भडंग खात पेपर वाचत बसला होता. मामीला ऐकू जावं म्हणून मी फोन दोन्ही हातांत धरला आणि जीव खाऊन ओरडले, "होय महाराजा!"